बँकर न लागणारी गाडी

कर्जत स्टेशनचा बटाटावडा जाहिरातीने गाजलेला नाही, घाटाने गाजवलेला आहे. मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जत सोडलं की बोरघाट चढू लागते. सर्वांत खडा चढ ३७ ला १, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. पुढच्या एकट्या इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटाला आणखी इंजिनं जोडतात. रेल्वेतली माणसं त्यांना बँकर म्हणतात. जोडाजोडीला काही मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात खिडक्यांतून हात बाहेर येतात. दिवाडकरांचा वडा प्रवाशांच्या पिढ्यानपिढ्यांनी खाल्ला तो या सक्तीच्या थांब्यावर. त्यांतल्या बहुतेकांना कर्जतला काहीच काम नव्हतं. गाडी थांबायची म्हणून ते खायचे.

१० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिला घाट चढायला बँकर लागत नाही. ती कर्जतवरून तशीच पुढे जाते. वड्याची चव होती तशीच आहे, फक्त त्या गाडीतल्या माणसांच्या हातापर्यंत तो पोहोचत नाही.

इंटरनेटवरच्या मजकुराचा धंदा गेली वीस-पंचवीस वर्षं अशाच एका थांब्यावर चालत होता. 'पावसाळ्यात कर्जतजवळ कुठे जावं' असं कुणी गूगलवर लिहिलं की दुव्यांची यादी यायची. उत्तर हवं असेल तर त्यांतल्या एखाद्या पानावर उतरावंच लागे. उतरलेला माणूस पानावरच्या जाहिराती बघायचा, शेजारचा लेख वाचायचा, कधी फोन नंबर टिपून घ्यायचा. त्याला त्या संकेतस्थळाशी देणंघेणं नसे, पण थांबा चुकत नसे. आता यादीच्या वर एक तयार परिच्छेद येतो. प्रश्नाचं उत्तर तिथेच, सात-आठ ओळींत. गाडी न थांबता पुढे जाते.

हे एका दिवसात झालेलं नाही. २०१२ मध्ये गूगलने व्यक्ती, गावं, संस्था यांची माहिती उजवीकडच्या चौकटीत द्यायला सुरुवात केली. २०१४ पासून एखाद्या पानातला नेमका उतारा उचलून सगळ्यांच्या वर ठेवला जाऊ लागला. पण तो उतारा एका पानाचा असायचा आणि त्या पानाचं नाव खाली ठळक असायचं. मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भारतात जे आलं ते वेगळं होतं. 'एआय ओव्हरव्ह्यू' या नावाचा हा सारांश अनेक पानांतून गोळा करून यंत्र स्वतःच्या शब्दांत लिहितं. भारतात सुरुवात इंग्रजी आणि हिंदीने झाली. मे २०२५ पर्यंत ही सोय दोनशेहून अधिक देशांत आणि चाळीसहून अधिक भाषांत गेली होती.

परिणाम किती, याचं एक बरं मोजमाप अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने केलं. नऊशे प्रौढांनी मार्च २०२५ मध्ये प्रत्यक्ष काय काय शोधलं आणि कशावर बोट ठेवलं, हे त्यांच्या संमतीने नोंदवलं गेलं. सारांश नसलेल्या शोधांत १५ टक्के वेळा लोकांनी यादीतल्या एखाद्या दुव्यावर टिचकी मारली. सारांश असेल तेव्हा ८ टक्के. सारांशात दिलेल्या दुव्यांवर जाणारे १ टक्का. शंभरातला एक. सारांशाच्या बाजूला छोट्या अक्षरांत येणारी ती 'स्रोत' नावाची मंडळी म्हणजे लग्नपत्रिकेतल्या 'आपले नम्र'सारखी झाली: नाव छापून येतं, वाचत कुणी नाही.

गूगलचं म्हणणं निराळं आहे. शोधविभागाच्या प्रमुख लिझ रीड यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये लिहिलं की संकेतस्थळांकडे जाणाऱ्या टिचक्यांची एकूण संख्या वर्षभरात साधारण स्थिर आहे आणि त्या अधिक कसदार झाल्या आहेत. कसदार म्हणजे, गेलेला माणूस लगेच मागे न फिरणारा. या म्हणण्यासोबत आकडे मात्र दिले नव्हते. तेव्हा हे आपण ऐकून घ्यावं, इतकंच.

सारांश तयार कसा होतो ते थोडं पाहू, कारण पुढची सगळी गंमत आणि सगळा धोका तिथेच आहे. 'पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन कर्जतला एका दिवसात काय बघता येईल' हा प्रश्न घ्या. यंत्र आधी त्याचे तुकडे करतं: कर्जतजवळचे धबधबे, मुलांना झेपणारी जागा, लोकलच्या वेळा, पावसाळ्यातली मनाई. प्रत्येक तुकड्यासाठी गूगलने आधीच वाचून ठेवलेल्या पानांतून जुळणारे परिच्छेद काढले जातात. मग ते परिच्छेद भाषेच्या मॉडेलपुढे ठेवले जातात आणि ते त्यांतून एक सलग उत्तर लिहून काढतं. मॉडेल कर्जतला आलेलं नसतं. कोणत्या शब्दामागे कोणता शब्द शोभेल, हे त्याला उत्तम कळतं. समोर ठेवलेले दोन परिच्छेद दोन वेगळ्या गावांचे आहेत की एकाच गावाचे, हे कळेलच असं नाही.

आपल्याकडच्या गोधडीत टाके दिसतात. हा तुकडा आजीच्या लुगड्याचा, हा वडिलांच्या सदऱ्याचा, हे बोटाने दाखवता येतं. सारांशाची गोधडी इतकी सफाईदार असते की टाकेच दिसत नाहीत.

आणि कर्जत व शेजारचा खालापूर तालुका यांच्या बाबतीत ठिगळं चुकायला भरपूर वाव आहे. महाराष्ट्रात कर्जत नावाचे तालुके दोन. एक रायगडातलं, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातलं, अवर्षणप्रवण, काळविटांच्या रेहेकुरी अभयारण्याचं. जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं ते २०२४ मध्ये, म्हणजे जुन्या पानांवर एक नाव, नव्यांवर दुसरं. 'कर्जतमधलं अभयारण्य' विचारणाऱ्या मुंबईकराला यंत्राने काळवीट दाखवले तर चूक यंत्राची म्हणावी की नावाची? 'कर्जत ३' असं लिहिलं तर तो लोकलचा फलाटही असू शकतो आणि कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने काढलेली भाताची जातही.

महडचं त्याहून अवघड. अष्टविनायकांतल्या वरदविनायकाचं महड खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या अलीकडे. चवदार तळ्याचं महाड, जिथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला, ते शंभरेक किलोमीटर दक्षिणेला, सावित्रीच्या काठी. जिल्हा एकच. मराठीत एका कान्याचा फरक आहे. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एकच. इंग्रजी पानांवरून मराठी उत्तर रचणाऱ्या यंत्राने वरदविनायकाला जाताना वाटेत चवदार तळंही बघा म्हटलं, तर वाक्य व्याकरणाने निर्दोष असेल. भिवपुरी रोड या स्टेशनाच्या नावात 'रोड' का आहे, हेही स्थानिकाला सांगावं लागत नाही: स्टेशन एकीकडे, टाटांच्या वीजकेंद्राचं भिवपुरी गाव दुसरीकडे. यंत्राला मात्र हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं.

नावांचा गोंधळ निदान हसण्यावारी नेता येतो. काळाचा गोंधळ तसा नाही.

नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी १९०७ पासून आहे. पण 'ती आज चालू आहे का' या प्रश्नाला कायमचं उत्तर नाही. पावसाळ्यात नेरळ-अमन लॉज टप्पा बंद ठेवतात आणि अमन लॉज ते माथेरान एवढी फेरी चालू राहते. २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेले तेव्हा नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. त्या तीन वर्षांत लिहिलेली पानं 'गाडी बंद आहे' सांगतात, आधीची आणि नंतरची 'चालू आहे' सांगतात, आणि सगळी आपापल्या दिवशी खरी होती. पनवेल-कर्जत नव्या लोकलचंही तेच. ती कधी सुरू होणार याच्या मुदती सरकत गेल्या, प्रत्येक मुदतीची बातमी मात्र जागच्या जागी आहे.

आता इर्शाळगड. चौक गावाच्या बाजूला, खालापूर तालुक्यात. नेढं म्हणजे आरपार भोक असलेला सुळका आणि पायथ्याच्या सोंडेवर ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी. डोंगरावर जाणाऱ्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेल्या वर्णनांत ही वाडी हमखास असायची: वाट वाडीतून जाते, पाणी वाडीत मिळतं, सांगितलं तर जेवणाचीही सोय होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराचा कडा वाडीवर उतरला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. वाचलेल्यांचं पुनर्वसन खाली चौकच्या बाजूला झालं. वर वाडी नाही.

पण ती जुनी पानं अजून आहेत, आणि ती खोटी नाहीत. अडचण त्यांच्या क्रियापदांत आहे. प्रवासाची माहिती आपण मराठीत साध्या वर्तमानकाळात लिहितो. वाट जाते. पाणी मिळतं. सोय होते. शाळेत या काळाची उदाहरणं 'सूर्य पूर्वेला उगवतो' अशी द्यायचे. वाडीतल्या घरात मिळणारं जेवण सूर्यासारखं नसतं, तरी आपण त्याच काळात लिहून मोकळे होतो. माणूस वाचक पानाच्या कोपऱ्यातली तारीख बघतो, फोटोतल्या मोबाइलचं मॉडेल बघून म्हणतो, हे दहा वर्षांपूर्वीचं दिसतंय. यंत्रासमोर फक्त तो परिच्छेद येतो, कोपऱ्यातली तारीख त्याच्यासोबत येईलच असं नाही. आणि यंत्र तो परिच्छेद पुन्हा वर्तमानकाळातच लिहितं.

ज्या मजकुरावर यंत्र सर्वांत सहज पोसलं जातं, तो असा, नित्य सत्याच्या सुरात लिहिलेला असतो. याचं उत्तम मराठी उदाहरण म्हणजे डोंबिवलीच्या ट्रेकक्षितीज संस्थेचं किल्ल्यांचं संकेतस्थळ. सह्याद्रीत फिरणारा मराठी माणूस त्या पानांवर कधीतरी गेलाच असेल. प्रत्येक किल्ल्याला तेच मथळे: पाहण्याची ठिकाणं, पोहोचण्याच्या वाटा, राहण्याची सोय, जेवणाची सोय, पाण्याची सोय, लागणारा वेळ. पेठचा किल्ला म्हणजे कोथळीगड असो, ढाकचा बहिरी असो की सोंडाई, काय कुठे सापडेल हे आधीच माहीत. ही शिस्त माणसांच्या सोयीसाठी होती. यंत्रालाही तीच आवडते, कारण प्रश्नांचे तुकडे करून उत्तरं शोधणाऱ्याला इथे उत्तरं आधीच तुकड्यांत मांडलेली मिळतात.

इथे नुकसान कुणाचं, याचा हिशेब सगळ्यांना एकच लावून चालत नाही.

जाहिरातीवर चालणारी पानं सर्वांत आधी उपाशी राहतात. वरदविनायकाच्या आरतीची वेळ, खोपोलीची शेवटची लोकल, कर्जत ते नेरळ अंतर असल्या एका ओळीच्या उत्तराभोवती आठशे शब्द गुंडाळून पान बनवण्याचा मोठा उद्योग होता. उत्तर सातव्या परिच्छेदात, आणि तिथवर पोहोचेपर्यंत सहा जाहिराती. ही पानं गेली तर मला वाईट वाटणार नाही. 'कर्जतजवळची दहा अप्रतिम ठिकाणं' लिहिणारे बरेचसे लेखक कर्जतला उतरलेलेही नव्हते; एकमेकांच्या याद्या बघून याद्या करत होते. यंत्राने तेच काम अधिक वेगाने केलं एवढंच.

फुकट लिहिणाऱ्यांचं नुकसान वेगळं आणि माझ्या मते जास्त खोल आहे. त्यांचे जाहिरातीचे पैसे जात नाहीत, वाचक जातो. आणि वाचक म्हणजे त्या पानाचा डॉक्टर. 'मागच्या रविवारी गेलो होतो, टाकं आटलंय', 'शिडी गंजली आहे, जपून', असं कळवणारा माणूस पानावर आलेलाच असावा लागतो. सारांश वाचून गडावर गेलेल्या माणसाला, आपण वाचलं ते मुळात कुणी लिहिलं हेच माहीत नसतं. तो कळवणार कुणाला? विकिमीडिया फाउंडेशनने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की विकिपीडियावरची माणसांची वाचनं आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे ८ टक्क्यांनी घटली आहेत. वाचक घटले की दुरुस्ती करणारे स्वयंसेवकही घटतील, ही त्यांची काळजी. इंग्रजीत आठ टक्के गेले तरी मागे समुद्र उरतो. मराठीत एका किल्ल्यावर धड चार पानं असतात. त्यांतली दोन ओस पडली की यंत्रालाही पुढच्या वर्षी जुनंच शिळं मिळणार.

तिसरा घटक म्हणजे इथला फार्महाऊसवाला. समजा कर्जत तालुक्याच्या कडाव-कशेळे पट्ट्यात कुणाचं चार खोल्यांचं शेतघर आहे. त्याच्या संकेतस्थळावर कुणा एजन्सीने वीस लेख चढवून दिले आहेत: कोंडाणे लेणी, माथेरान, राजमाची, पावसाळी सहल. त्या लेखांवर वाचक यायचे, त्यांतले थोडे फोन करायचे. वाचक कमी झाले म्हणून तो घाबरेल. पण त्याचा धंदा वाचकांवर नाही, शनिवार-रविवार भरण्यावर आहे. लेण्यांची माहिती यंत्राने दिली तर दिली. मुक्कामाला माणूस लागतो. त्याच्यासाठी कळीचा प्रश्न हा की 'आजीला पायऱ्या चढता येत नाहीत, एकादशीचं फराळाचं मिळेल, अशी कर्जतजवळची जागा' असं कुणी विचारलं तर सारांशात त्याचं नाव येतं का. लोक आता असेच लांबलचक, बोलल्यासारखे प्रश्न विचारतात. आणि यंत्र कितीही हुशार असलं तरी खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत हे कुठेतरी लिहिलेलं असल्याशिवाय सांगू शकत नाही.

बहुतेक फार्महाऊसांच्या पानांवर ते लिहिलेलं नसतं. तिथे 'निसर्गाच्या कुशीत' असतं, 'धकाधकीच्या जीवनातून' असतं. पायऱ्या किती, कमोड आहे का, पन्नास सीटची बस फाटकापर्यंत येते की चारशे मीटर अलीकडे थांबते, नेरळला उतरावं की कर्जतला, रिक्षावाला किती घेतो, कोणत्या कंपनीचं नेटवर्क लागतं, हे सगळं फोनवर सांगितलं जातं. दिवसाला पंधरा वेळा. लेख कशावर लिहावा याचा सल्ला घ्यायला शहरात जायला नको, महिन्याभराचे फोन एका वहीत टिपले तरी पुरे. सोबत पत्ता पूर्ण हवा: गाव, तालुका कर्जत, जिल्हा रायगड. गूगलच्या नकाशावरच्या व्यवसाय-नोंदीत, संकेतस्थळावर आणि पाटीवर नाव अक्षरशः एकच हवं. दोन कर्जतांच्या राज्यात एवढा चोखपणा लागतोच.

उलट, यंत्राकडूनच दोनशे लेख लिहून घेऊन पान भरायचं, हा मार्ग आज फार जण धरताहेत. गूगलने मार्च २०२४ मध्ये अशा घाऊक मजकुराला नियमभंगात धरलं. पण नियम नसता तरी त्यात अर्थ नव्हता. जे यंत्राला आधीच माहीत आहे ते यंत्राकडून लिहून घेऊन यंत्रालाच वाचायला द्यायचं. त्याने ते आपल्याकडून का घ्यावं?

मग सारांशाला आपला मजकूर देऊच नये, असं करता येतं का? येतं, पण दुकान उघडं ठेवून पाटी उतरवण्यासारखं. संकेतस्थळांनी यंत्रांना 'इथे येऊ नका' सांगण्याची रीत १९९४ पासूनची आहे, रोबॉट्स डॉट टीएक्सटी नावाच्या फाइलची. तिच्यात 'गूगल-एक्स्टेंडेड'ला मनाई लिहिली तर मजकूर गूगलच्या जेमिनी या मॉडेलच्या प्रशिक्षणाला जात नाही. शोधातल्या सारांशाला मात्र ती मनाई लागू होत नाही. तिथे 'नोस्निपेट' ही खूण घालावी लागते आणि मग साध्या यादीतही आपल्या नावाखालचं वर्णन गायब होतं. ही अडवणूक आहे का, यावर भांडणं सुरू आहेत. अमेरिकेत पेन्स्की मीडिया या प्रकाशन कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलवर दावा लावला, युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये रीतसर चौकशी उघडली. आपल्याकडे एएनआय वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात केलेला दावा चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयविरुद्ध आहे, म्हणजे प्रश्न जवळचा पण तोच नाही. निकाल लागतील तेव्हा लागतील. कशेळ्याच्या शेतघराला या पावसाळ्यात काय लिहायचं ते आजच ठरवावं लागणार.

माझं उत्तर क्रियापदाच्या काळाशी जोडलेलं आहे. साध्या वर्तमानकाळातला मजकूर आता यंत्राचा झाला. तो परत मिळवायला धावण्यात दम घालवू नये. तारीख घातलेला भूतकाळ मात्र अजून माणसाकडे आहे. 'धबधब्याला पाणी असतं' हे कुणीही सांगेल. 'रविवारी सकाळी गेलो तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत होतं, अकरानंतर कमरेला लागलं, आम्ही फिरलो' हे तिथे उभ्या असलेल्या माणसालाच लिहिता येतं. कर्जत-खालापुरात पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर जायला मनाईचे आदेश निघतात, गर्दी आणि बुडण्याच्या घटना पाहून ते बदलतातही. यंदाचा आदेश कोणत्या तारखेपासून, कोणत्या ओढ्याला लागू, हे माहीत असणारा माणूस दर आठवड्याला चार ओळी लिहील, तर त्या चार ओळी यंत्र उचलेलच. पण पुढच्या शुक्रवारी त्या शिळ्या झालेल्या असतील, आणि ज्याला खरंच यायचं आहे तो नव्या ओळी बघायला मूळ पानावर येईल. किंवा पानाचीही वाट न बघता व्हॉट्सअ‍ॅपवर त्या मागून घेईल.

लिहायला पाच मिनिटं लागतात, त्यासाठी एजन्सी लागत नाही. जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी असं काहीसं:

'शुक्रवार, संध्याकाळचे पाच. फरशीवरून पाणी चाललंय, दुचाकी आणू नका. कशेळ्याकडचा रस्ता मोकळा आहे. ओढ्यावर पोलीस उभे आहेत, तिकडे पाठवणार नाही. दुपारपासून वीज नाही, पाणी टाकीत भरून ठेवलंय. उद्या येणाऱ्यांनी नेरळला न उतरता कर्जतला उतरा, गाडी तिकडे पाठवतो. पिठलं-भाकरी होईल. वडे हवे असतील तर स्टेशनवरून घेऊन या.'